खोल ग्रॅनाइटमधली उष्णता: शोधाचा परवाना कसा असावा

प्रश्न तीन भागांत विचारला आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात तापलेल्या खडकातून वीज काढण्याचा प्रयोग यशस्वी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, मग तो बंद का पडला? अशा शोधासाठी भारतात वेगळा कायदा हवा का? आणि संगमेश्वरजवळच्या तुरळ-राजवाडीसारख्या गरम झऱ्यांच्या खालून वीज मिळेल का? मी आधी खोल विहिरींच्या खोदकामात आणि पुढे अशा विहिरींच्या परवान्यांची तांत्रिक छाननी करण्यात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तिन्ही भागांचा एकमेकांशी संबंध आहे आणि पहिला नीट समजला तर दुसऱ्याचे उत्तर बरेचसे त्यातच मिळते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यात इनामिंका नावाची एक छोटी वस्ती आहे. तिच्या आसपासचा कूपर खोऱ्याचा प्रदेश तेल आणि वायूसाठी आधीपासून माहीत होता. तेलासाठी खोदलेल्या विहिरींच्या तळाशी तापमान अपेक्षेपेक्षा जास्त निघत होते, आणि काही विहिरी खाली ग्रॅनाइटलाही लागल्या होत्या. हा ग्रॅनाइट तीस कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजे तो वितळलेल्या अवस्थेत वर आला तेव्हाची उष्णता केव्हाच निघून गेली आहे. आज तो गरम आहे, कारण त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण नेहमीच्या ग्रॅनाइटपेक्षा बरेच जास्त आहे आणि त्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून सतत थोडीथोडी उष्णता निर्माण होत राहते. त्यावर सुमारे साडेतीन किलोमीटर जाडीचे गाळाचे थर आहेत. त्यांत कोळशाचेही थर आहेत आणि कोळसा उष्णता फार सावकाश वाहू देतो. ही गोधडी अंगावर असल्यामुळे खालची उष्णता साठत गेली आणि सव्वाचार-साडेचार किलोमीटर खोलीवर तापमान २४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले. जवळपास ज्वालामुखी नसतानाही इतके तापमान मिळाल्यामुळेच जगभरच्या भूवैज्ञानिकांचे लक्ष तिकडे वळले.

आकडा किती मोठा आहे ते पाहावे. एक घन किलोमीटर ग्रॅनाइट फक्त एक अंशाने थंड केला, तर त्यातून साधारण साठ कोटी युनिट इतकी उष्णता बाहेर पडते. या तापमानाला उष्णतेपासून वीज करताना जेमतेम दहा-बारा टक्केच हाती लागते, तरीही एका अंशामागे सहा कोटी युनिट वीज होते. कागदावर हे गणित मोहक आहे. अडचण अशी की, ही उष्णता घन, कोरड्या, जवळजवळ अभेद्य खडकात आहे आणि ती वर आणायला पाणीच लागते. म्हणून एका विहिरीतून पाणी दाबाने खाली सोडायचे, खडकातल्या भेगा किंचित उघडायच्या, पाणी त्या भेगांमधून तापत पुढे जाऊ द्यायचे आणि दुसऱ्या विहिरीतून वर घ्यायचे, अशी पद्धत आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथे १९७० च्या दशकात तिची पहिली चाचणी झाली.

इनामिंकाजवळ जिओडायनॅमिक्स या कंपनीने २००३ मध्ये हबानेरो-१ ही विहीर ४,४२१ मीटरपर्यंत नेली. ग्रॅनाइटमध्ये खोदणे म्हणजे काय, हे ज्यांनी रिगवर, म्हणजे खोदकामाच्या मनोऱ्यावर, उभे राहून पाहिले नाही त्यांना सांगितले पाहिजे. गाळाच्या खडकात बिट, म्हणजे खडक कापणारे टोक, भराभर खाली जाते. ग्रॅनाइट लागला की वेग ताशी काही मीटरवर येतो आणि बिटचे दात झिजू लागतात. चार किलोमीटर खोलीवरचे बिट बदलायचे, तर पाइपांची अख्खी माळ एकेक जोड सोडवत वर काढावी लागते, नवे बिट लावून ती तशीच परत खाली सोडावी लागते आणि त्यात दिवसाचा मोठा भाग जातो. तेवढा वेळ रिगचे भाडे चालू असते आणि विहीर एक सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. भूऔष्णिक प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा अशा तासांमध्ये जातो.

हबानेरो-१ मध्ये खोदतानाच एक अनपेक्षित गोष्ट समजली. ज्याला सगळे ‘कोरडा’ खडक म्हणत होते, त्यात भेगा होत्या आणि त्या भेगांमध्ये प्रचंड दाबाखालचे खारे पाणी होते. तिथे भूकवचावरचा मुख्य दाब आडवा असल्याने भेगाही जवळजवळ आडव्या होत्या. पाणी दाबाने सोडल्यावर हजारो सूक्ष्म भूकंपांची नोंद झाली आणि त्यांच्या जागा नकाशावर मांडल्यावर एका जुन्या, सपाट विभंगाचे, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला असतो त्या पृष्ठाचे, चित्र उमटले. थोडक्यात, अभियंत्यांनी नवा मार्ग तयार केला नव्हता, निसर्गाचा जुना मार्ग सैल केला होता. हा फरक नियमनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण आपण काय उघडणार आहोत हे परवाना मागताना कंपनीलाही पूर्णपणे माहीत नसते.

दुसरी विहीर खोदकामाचे साहित्य आत अडकल्याने सोडून द्यावी लागली. २००८ मध्ये खोदलेली हबानेरो-३ पहिल्या विहिरीशी जोडली गेली, पाण्याचे चक्र फिरले, आणि एप्रिल २००९ मध्ये तिचे पोलादी केसिंग, म्हणजे विहिरीला आतून बसवलेला नळ, तडकून गरम पाणी आणि वाफ जमिनीवर उसळली. कोणाला इजा झाली नाही, पण विहीर काबूत आणायला काही आठवडे लागले आणि प्रकल्प काही वर्षे मागे गेला. २०१२ मध्ये हबानेरो-४ झाली. २०१३ मध्ये एक मेगावॅटचे प्रायोगिक केंद्र १६० दिवस चालले. सेकंदाला सुमारे १९ किलो पाणी, विहिरीच्या तोंडाशी २१५ अंश तापमान, असे त्याचे सर्वोत्तम आकडे आहेत.

मग ते बंद का पडले? उष्णता कमी पडली म्हणून नाही. त्या खोलीची विहीर परवडायची असेल, तर एका विहिरीतून सेकंदाला पन्नास किलो किंवा त्याहून जास्त पाणी यायला हवे, आणि इथे त्याच्या निम्मेही येत नव्हते. वीज घेणारे मोठे ग्राहक आणि ग्रिड शेकडो किलोमीटर दूर होते. त्याच काळात पवन आणि सौर विजेचा दर घसरत होता आणि गुंतवणूकदार पुढच्या विहिरीसाठी पैसा घालायला तयार नव्हते. २०१६ मध्ये विहिरी सिमेंटने बंद करण्यात आल्या. या प्रयोगाला फसवणूक म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला अन्यायकारक वाटतात. चार किलोमीटर खाली पाण्याचे चक्र फिरवून वीज करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ती विकण्याइतकी करता येते, हे सिद्ध झाले नाही. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात फर्वो एनर्जी कंपनीने तेल-वायू उद्योगातली आडव्या विहिरींची पद्धत वापरून चाचणीत सेकंदाला ६३ लिटरपर्यंत प्रवाह मिळवला. म्हणजे हबानेरोला जिथे अडले होते, तिथे आता वाट दिसू लागली आहे.

आता कायद्याकडे येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाने भूऔष्णिक ऊर्जेसाठी सगळे शून्यातून उभे केले नाही. २००० च्या पेट्रोलियम कायद्यातच भूऔष्णिक स्रोताचा समावेश केला आणि २००९ मध्ये त्याचे नावही ‘पेट्रोलियम आणि भूऔष्णिक ऊर्जा कायदा’ असे केले. व्हिक्टोरिया राज्याने २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. माझ्या मते दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मार्ग जास्त शहाणपणाचा होता. विहिरीचे तोंड बंद ठेवणारी यंत्रणा, केसिंगची जाडी, सिमेंटची चाचणी, विहीर कायमची बंद करण्याची रीत, हे सगळे ज्ञान तेल-विहिरींच्या निरीक्षकांकडे आधीच होते. नवे खाते काढून तेच पुन्हा शिकण्यात दहा वर्षे गेली असती आणि त्या दहा वर्षांत विहिरी खोदणे काही थांबले नसते.

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी मी वारंवार उदाहरण म्हणून देतो. पहिली, शोधाचा, राखून ठेवण्याचा आणि उत्पादनाचा असे वेगवेगळे परवाने. शोध घेणाऱ्याला ठरावीक मुदतीत ठरलेले काम करावे लागते. क्षेत्र सापडले पण बाजार तयार नसेल, तर राखीव परवाना घेता येतो. नुसती जागा अडवून बसता येत नाही. दुसरी, नियम कामाच्या पद्धतीवर न बांधता उद्दिष्टावर बांधले आहेत. कूपर खोऱ्याच्या वर ग्रेट आर्टेशियन खोऱ्याचे पाणी आहे, ज्यावर त्या कोरड्या प्रदेशातले पशुपालन अवलंबून आहे. त्या पाण्याच्या थरात खालचे खारे पाणी मिसळता कामा नये, हे उद्दिष्ट. ते कोणत्या सिमेंटने साधायचे हे कंपनीने ठरवायचे, पण साधले आहे हे तिनेच सिद्ध करायचे. तिसरी, विहिरीची माहिती ठरावीक गुप्ततेच्या मुदतीनंतर सरकारी संग्रहात सर्वांसाठी खुली होते. हबानेरोचे तापमान, दाब, भेगांच्या दिशा आज कोणालाही अभ्यासता येतात, आणि मीही हे उत्तर लिहू शकतो, ते त्यामुळेच.

पण एका बाबतीत कूपर खोऱ्याचे नशीब चांगले होते. तिथे माणसे फारशी नव्हती. २००३ मध्ये पाणी दाबाने सोडताना सर्वांत मोठा धक्का ३.७ तीव्रतेचा झाला आणि त्याने कोणाच्या घराला तडा गेला नाही. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराच्या वस्तीतच पाच किलोमीटर खोल विहिरीत असेच पाणी सोडले गेले. तिथे सिग्नलच्या दिव्यांसारखी पद्धत ठरवलेली होती: धक्के अमुक तीव्रतेच्या पुढे गेले की पंप हळू करायचा, त्याहून पुढे गेले की बंद करायचा. ८ डिसेंबर २००६ रोजी ती पद्धत पाळली गेली, पंप बंद झाला, आणि त्यानंतर काही तासांनी ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. हजारो घरमालकांनी भरपाई मागितली आणि धोक्याच्या अभ्यासानंतर २००९ मध्ये प्रकल्प कायमचा बंद झाला.

दक्षिण कोरियातील पोहांग येथे जे झाले ते याहून गंभीर आहे. तिथे दोन विहिरी चार किलोमीटरहून खोल होत्या. खोदताना पाइपांतून खाली सोडलेला चिखल एका विहिरीत ठरावीक खोलीवर परत वर येईनासा झाला. खोदणाऱ्याला ही खूण ओळखता आली पाहिजे. बिटच्या भोवतीने चिखल वर यायला हवा आणि टाकीतली पातळी घटत असेल, तर खाली कुठेतरी मोकळी वाट आहे, आणि ग्रॅनाइटसारख्या खडकात ती वाट बहुधा विभंगाची असते. एप्रिल २०१७ मध्ये पाणी सोडल्यानंतर तीनहून जास्त तीव्रतेचा धक्का बसला. काम थांबले आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. सप्टेंबरमध्ये पाणी सोडणे संपले आणि १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला. शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. मार्च २०१९ मध्ये सरकारी संशोधन आयोगाने निष्कर्ष दिला की, विहिरींत सोडलेल्या पाण्याने आधीच ताणाखाली असलेला विभंग सरकवला होता.

या दोन्ही घटनांमधून मी जे शिकलो तेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. भूऔष्णिक शोधाच्या कायद्यावर चर्चा सुरू झाली की, सगळा वेळ उष्णता कोणाच्या मालकीची, रॉयल्टी किती, परवाना केंद्राने द्यायचा की राज्याने, यावर जातो. हे प्रश्न सोडवायलाच हवेत. जर्मनीच्या खाणकायद्यात भूगर्भातील उष्णतेला जमीनमालकापासून स्वतंत्र खनिज संपत्ती मानले आहे, तसे काही आपणही ठरवू शकतो. पण माणसांना इजा होते ती मालकीच्या वादातून होत नाही. पंप चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्या रात्री कोण ठरवतो, यावर ती अवलंबून असते. कंपनीच्या अभियंत्यावर वेळापत्रकाचा आणि खर्चाचा दबाव असतो. तो प्रामाणिक असला तरी असतोच. म्हणून थांबण्याचा आकडा, तो मोजणारी भूकंपमापकांची जाळी आणि थांबवण्याचा अधिकार असलेली, कंपनीच्या पगारावर नसलेली व्यक्ती, या तिन्ही गोष्टी पंप सुरू होण्याच्या आधी परवान्यातच लिहिलेल्या असल्या पाहिजेत. आणि पंप थांबला म्हणजे धोका संपला, असे परवान्याने कधीच मानू नये. बासेलमध्ये मोठा धक्का पंप थांबल्यानंतर आला, पोहांगमध्ये तर दोन महिन्यांनी. पाण्याचा दाब खडकातून सावकाश पसरत राहतो. त्यामुळे निरीक्षणाचे आणि भरपाईचे दायित्व शेवटच्या पंपिंगनंतरही काही वर्षे परवानाधारकावर राहिले पाहिजे, आणि त्यासाठीची रक्कम आधीच तारण म्हणून ठेवलेली असली पाहिजे.

पाण्याच्या दाबाने भूकंप होतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला पटवून द्यावे लागू नये. शिवसागर जलाशय भरू लागल्यानंतर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि तिथे आजही जलाशयाच्या पातळीशी निगडित धक्के बसत असतात. त्याच्या अभ्यासासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विहीर खोदली. त्या विहिरीत सुमारे सव्वा किलोमीटर काळा बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. आपल्याकडे ताणाखालच्या खोल खडकाचे मोजमाप करणारी माणसे आणि उपकरणे आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. भूऔष्णिक परवान्यासाठी तांत्रिक सल्ला घ्यायचा, तर तो प्रथम त्यांच्याकडून घ्यावा.

भारतात आजची स्थिती अशी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ३८१ गरम झऱ्यांची नोंद केली आहे आणि एकूण क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज दिला आहे. हा अंदाज जपून वापरावा, कारण त्यामागे खोल विहिरी फारच थोड्या आहेत. केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. त्यात शोध आणि विकासासाठीचे भाडेपट्टे, माहितीचा सामाईक साठा आणि जुन्या तेल-विहिरींचा पुनर्वापर यांचा विचार आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. १९५७ चा खाण आणि खनिज कायदा उष्णतेबद्दल बोलत नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटरच्या पुढे गेलेल्या विहिरीला खोल विहीर मानतो. त्याचा हेतू शेती-पाण्याचा उपसा रोखण्याचा आहे आणि तो योग्यच आहे, पण चार हजार मीटरच्या बंदिस्त चक्राला तो लावायचा की नाही, याचे उत्तर तालुक्याच्या अधिकाऱ्याने शोधत बसावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. माझ्या मते केंद्राने तेल-विहिरींच्या सुरक्षा नियमांना जोडून भूऔष्णिक विहिरींचे एक प्रकरण करावे आणि जमीन, पाणी व स्थानिक संमती राज्यांकडे ठेवावी. लडाखमधील पुगा येथे २०२२ मध्ये खोदताना वर आलेले गरम पाणी तिथल्या नाल्यात गेले आणि काम अडले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच असलेल्या त्या खोऱ्यातला नाला म्हणजे माणसांची, जनावरांची आणि कुरणांची पाण्याची सोय. विहिरीच्या पाण्याला साठवायला अस्तर लावलेले तळे आधी, रिग नंतर, एवढी साधी अट परवान्यात असली तरी बरेच वाद टळतात.

आता तुरळ-राजवाडीविषयी. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पश्चिमेला ही कुंडे जवळजवळ एका रांगेत आहेत: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर. खाली ज्वालामुखी धगधगत असल्याची समजूत सर्वत्र आढळते, पण दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि तो केव्हाच थंड झाला आहे. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली जाते, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वेगाने वर येते. कुंडांत ते चाळीस ते सत्तर अंशांच्या आसपास असते. पाण्यातल्या क्षारांवरून खालचे तापमान शंभराच्या वर असावे असा अंदाज आहे. तेवढ्यावर कूपर खोऱ्यासारखा प्रकल्प उभा राहणार नाही. खालचा ग्रॅनाइट कूपरसारखा किरणोत्सर्गी मूलद्रव्यांनी संपन्न असल्याचा पुरावा नाही आणि वर कोळशाचे पांघरूणही नाही.

मात्र वीज हाच एक उपयोग नसतो. सत्तर अंशांच्या पाण्यावर काजू, कोकम, आमसुले, मासळी वाळवता येते, शीतगृह चालवता येते, आणि त्यासाठी काही शे मीटरची विहीर पुरते. तिथे खडक दाबाने फोडण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो कुंडाचा. जवळच खोल विहीर घेऊन पाणी उपसले तर कुंडातली पातळी खाली जाऊ शकते, आणि ती कुंडे देवस्थानांची आहेत, लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्नानाला येतात. म्हणून तुमच्या ग्रामपंचायतीकडे कोणी प्रस्ताव घेऊन आले, तर आधी वर्षभर, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही धरून, कुंडाची पातळी, तापमान आणि पाण्यातले क्षार यांची मोजणी करून मागा. ती नोंद भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे जमा होऊ द्या आणि पातळी किती खाली गेली की उपसा थांबेल, तो आकडा करारात लिहून घ्या. वापरलेले पाणी ओढ्यात न सोडता परत जमिनीत सोडण्याची अट घाला. या अटी मान्य करणाऱ्याशी बोलायला हरकत नाही.